भावही हवा, औषधही हवे



या वेळच्या जिल्हा बैठकीत कर्ज, वीज आणि पीकविमा यांच्या जोडीला 'मनाचे आजार आणि सरकारी दवाखाना' असा एक विषय ठेवला आहे. विषयपत्रिका हातात पडताच जुन्या कार्यकर्त्यांचे फोन आले. "आता आंदोलन सोडून समुपदेशन केंद्र काढायचे काय?" असा एकूण सूर होता. त्यांची चीड मला समजते आणि ती बिनबुडाची नाही. शेतकऱ्याने जीव दिला की साहेब लोक गावात येतात, 'मनोबल' या विषयावर भाषण ठोकतात आणि चहा घेऊन जातात. सोयाबीनचा हमीभाव २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत माल चार-सव्वाचार हजाराला जात होता. ज्याच्या पदरात क्विंटलमागे साडेसहाशे ते नऊशे रुपयांचा खड्डा पडला, त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगणे ही थट्टा आहे.

तरीही हा विषय बैठकीत यावा असा आग्रह मी धरला. माझे म्हणणे थोडक्यात असे: मनाचे आजार हे शेतीमालाच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हेत, पण ते आजार आहेत, त्यांना उपचार आहेत, आणि तो उपचार रक्तदाबाच्या गोळीसारखा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्याच डॉक्टरकडे, त्याच केसपेपरवर मिळाला पाहिजे. नैराश्य एका खिडकीवर, चिंता दुसऱ्या, दारू तिसऱ्या असे चालणार नाही. ही मागणी आपण कोणाची मेहेरबानी म्हणून करायची नाही. ती हक्काची आहे आणि कायद्यात लिहिलेली आहे.

कपाशीचा लाल्या

मी शिकलो शेतीशास्त्र. म्हणून शेतातल्याच उदाहरणाने सांगतो.

कपाशीची पाने लाल पडू लागली की आपण म्हणतो, लाल्या आला. पण लाल्या हा एक रोग नाही. मॅग्नेशियम कमी पडले तरी पान लाल होते, बोंडे भरताना नत्र कमी पडले तरी होते. तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते, रात्रीची थंडी एकदम वाढली किंवा ओल तुटली तरी होते. बहुतेक शेतात यातली दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात. कृषी केंद्रवाला पान न पाहता एक बाटली काढून देतो. जाणता माणूस आधी पान उलटे करून तुडतुडे बघतो, जमीन बघतो, खताचा हिशेब विचारतो आणि मग बोलतो.

माणसाच्या मनाचेही असेच आहे. झोप येत नाही, भूक मेली, अंग मोडून आले, छातीत धडधडते, कामात जीव लागत नाही, संध्याकाळी बाटली लागते. यात नैराश्य असू शकते, चिंतेचा आजार असू शकतो, दारूचे व्यसन असू शकते. बहुतेक वेळा हे तिघे एकाच माणसात हातात हात घालून बसलेले असतात. झोप येत नाही म्हणून माणूस दारू घेतो, दारूने उदासी वाढते, उदासीने काम अडते, काम अडले की धास्ती वाढते. यातला पहिला कोण आणि दुसरा कोण हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तपासणी एकत्र झाली तरच उपचार नीट होतो.

शिवाय हेच सोंग घेऊन शरीराचे आजारही येतात. रक्त कमी असले, थायरॉइडचे काम मंदावले तरी माणूस गळून जातो. साखरेच्या आजारात आणि क्षयरोगात नैराश्य पुष्कळांना गाठते. बाळंतपणानंतर बाईला येणारे नैराश्य तर घरात 'नखरे' म्हणून मोडीत निघते. म्हणजे मनाचा आजार तपासायला सगळ्यांत योग्य जागा कोणती? जिथे रक्त, लघवी, साखर, रक्तदाब सगळे एकाच ठिकाणी बघतात ती. म्हणजे आपला नेहमीचा दवाखाना.

दवाखान्यात आज काय होते

गावातला माणूस डॉक्टरपुढे बसून "मला नैराश्य आले आहे" असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड आहे, अंगात कसकस आहे, जीव घाबरा होतो, पित्त झाले आहे. बाई म्हणते, हातापायाला मुंग्या येतात, कंबर धरते, काही सुचत नाही. डॉक्टर पाच मिनिटांत नाडी बघतो, सलाईन लावतो, ताकदीचे इंजेक्शन देतो आणि म्हणतो, "काही नाही, टेन्शन घेऊ नका."

आपल्याच एका कार्यकर्त्याचे उदाहरण घ्या. पाच एकर कोरडवाहू, दोन मुले शिकायला. छातीत धडधडते म्हणून तालुक्याला गेला. हृदयाचा आलेख काढला, तो चांगला निघाला. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी झाली, तीही चांगली. झोपेसाठी एक गोळी मिळाली. ती महिनाभराची होती, पण त्याने ती दीड वर्ष दुकानातून परस्पर आणून घेतली. गोळी पुरेनाशी झाली तेव्हा बाटली आली. बायकोचे डोके दुखू लागले, तिचाही वेगळा दवाखाना सुरू झाला. दीड वर्षात तपासण्यांवर आणि गाडीभाड्यावर जो पैसा गेला त्यात एका हंगामाचे बियाणे-खत आले असते. शेवटी एका डॉक्टरने त्याला पंधरा मिनिटे समोर बसवले आणि झोप, भूक, दारू, मनातले विचार असे एकेक विचारले. आजार ओळखू आला तो या पंधरा मिनिटांत. त्या डॉक्टरकडे मशीन नव्हते, प्रश्न होते.

हा एकट्याचा अनुभव नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य, चिंता यांसारखे सर्वसाधारण मनोविकार असलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. दारूच्या व्यसनाबाबत हाच आकडा सुमारे ८६. शंभर एकरांवर कीड पडली आणि पंधरा एकरांतच कोणी फिरकले, अशी ही अवस्था आहे.

मोठ्या डॉक्टरची वाट बघायची की नाही

"यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतो, तो जिल्ह्याला एखादाच," असे आरोग्य खाते सांगते. खरेच आहे. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. देशभर मिळून लाख माणसांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. पण प्रत्येक तुडतुड्यासाठी आपण विद्यापीठातला कीटकशास्त्रज्ञ बोलावतो काय? गावपातळीवरचा कृषी कर्मचारी आणि शिकलेला शेतकरी मिळून बहुतेक पिकांचे बघून घेतात. न उमगणारे नमुने तेवढे विद्यापीठात जातात. माणसाच्या आजारात तेच का होऊ नये?

होऊ शकते, आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात, करून दाखवलेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने तिथे 'मानस' नावाचा प्रयोग केला. तो २००७ ते २००९ या काळात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने घेतले. नैराश्य आणि चिंता अशी वेगळी दारे ठेवली नाहीत. दवाखान्यात आलेल्या माणसाला साधे प्रश्न विचारून दोन्ही आजार एकत्र शोधले. अर्ध्या ठिकाणी स्थानिक, डॉक्टर नसलेली, थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक बसवली. आजार समजावून सांगणे, गरज असेल त्यालाच दवाखान्याच्या डॉक्टरकडून गोळी, पुढे बोलण्यातून उपचार, आणि अवघड रुग्णापुरता फिरता तज्ज्ञ, अशा पायऱ्या लावल्या. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांतला निकाल असा: जिथे समुपदेशक होती तिथे शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते, जिथे नव्हती तिथे सुमारे ४२.

खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे दोन्ही गटांतले रुग्ण सारखेच सुधारले. म्हणजे या पद्धतीचा फायदा झाला तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहणाऱ्याला. तो कोण, हे मी सांगायला नको.

पुढे याच मंडळींनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा एक साधा उपचार तपासला. माणसाला पुन्हा कामाला, माणसांत, आवडीच्या गोष्टींत हळूहळू कसे आणायचे, एवढेच त्यात होते. तीन महिन्यांनी शंभरातले ६४ त्यातून बाहेर आले. नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९. दारूसाठी चार बैठकांपर्यंतचा असाच उपचार केला. त्यात धोकादायक पिण्यातून बाहेर आलेले शंभरात ३६, एरवी २६. दारूचा आकडा लहान आहे, तो फुगवून सांगू नये. पण चार बैठकांत दहा घरे सावरत असतील तर ती कमी नव्हेत. हे दोन्ही निष्कर्ष २०१७ मधले आहेत.

"गोवा छोटा, शिकलेला, तिथले इथे चालत नाही," असे कोणी म्हणेल. तर आपल्या विदर्भातले घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि वर तज्ज्ञ अशी त्याची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी शंभरातले चार-पाच जण उपचार घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ वर गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे आहेत, आणि ते कपाशीच्या पट्ट्यातले आहेत.

फवारणीची पातळी आणि गोळीची पातळी

यावर दुसरी भीती अशी की डॉक्टर उठसूट सगळ्यांना गोळ्या चारतील. ही भीती रास्त आहे. तिचे उत्तरही आपल्याला शेतात मिळते. कीड दिसली की फवारा, असे आपण करत नाही. निदान करू नये. तुडतुडे पानामागे दोन-तीन झाले, गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात रोज आठ याप्रमाणे सलग तीन रात्री आले, की मग फवारणी. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. दुःख म्हणजे आजार नव्हे. गारपिटीने पीक गेले, घरात मयत झाली, तर माणूस रडणारच, आणि रडलेच पाहिजे. पण उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे हे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे किंवा जास्त टिकले आणि झोप, भूक, कामधंदा कोलमडला, तर ती पातळी ओलांडली असे समजायचे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर माणूस एकटा सोडायचा नाही.

गोळीबद्दल चार गोष्टी आपण सगळ्यांनी समजून घ्याव्यात, म्हणजे फसगत होणार नाही.

एक: नैराश्याची गोळी आणि झोपेची गोळी या वेगळ्या. फ्लुओक्झेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्याची औषधे आहेत. त्यांचे व्यसन लागत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांची सवय लागते. ती थोड्या दिवसांपुरती, तीही डॉक्टरच्या नजरेखाली. दुकानदाराच्या भरवशावर नव्हे.

दोन: नैराश्याची गोळी युरियासारखी चार दिवसांत हिरवे करत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवावी लागते. मध्येच मनाने सोडली की आजार उलटतो.

तीन: गोळी लिहिण्याआधी डॉक्टरने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पूर्वी कधी उलटे झाले होते काय? म्हणजे झोप नको, पैसा उधळणे, मोठमोठ्या गप्पा, अंगात वारे भरल्यासारखे. तसे असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. त्याला तज्ज्ञाकडेच पाठवायला हवे.

चार: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या शपथेवर एका रात्रीत दारू तोडू नये. हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची तर दवाखान्यात, औषधाखाली.

भ्रमिष्टपणा, कानात आवाज येणे, जिवाला धोका, दोन टोकांचा आजार, गरोदर बाईचा गंभीर आजार हे तज्ज्ञाचे काम. बाकी मोठा हिस्सा प्राथमिक केंद्राचा डॉक्टर, नर्सबाई आणि प्रशिक्षित समुपदेशक यांच्या आवाक्यातला आहे. मात्र त्यांना शिकवले पाहिजे, औषधे दिली पाहिजेत आणि वर विचारायला एक तज्ज्ञ फोनवर असला पाहिजे.

दोन आक्षेप

आता संघटनेतल्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो. "आपण नैराश्याचे नाव घेतले की सरकारला पळवाट मिळेल. भावाने नव्हे, डोके फिरल्याने मेला, असे म्हणायला ते मोकळे." ही पळवाट सरकार आजही वापरते. २००६ पासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी पात्र-अपात्र ठरवणारी जिल्हा समिती आहे. दारू पीत होता, आजारी होता, घरात भांडण होते, असे शेरे मारून प्रकरणे अपात्र ठरतात. त्यामुळे घरचे लोक आजार लपवतात. जिवंतपणी लपवतात आणि मेल्यावरही लपवतात.

माझे उत्तर असे. कर्ज की आजार, हा प्रश्नच चुकीचा आहे. अन्नद्रव्य कमी पडलेल्या कपाशीवर तुडतुडे पडले आणि पान लाल झाले, तर 'दोष तुडतुड्यांचा, जमिनीचा नाही' असा पंचनामा कोणी करील काय? तोट्याची शेती माणसाला आजारी पाडते आणि आजारी माणसाला तोटा पेलत नाही. दोन्ही खरे असते. आजाराचा कागद हा कर्ज नसल्याचा पुरावा नव्हे, हे आपण समितीपुढे ठणकावून सांगितले पाहिजे. रुग्णाच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे, हेही सांगितले पाहिजे. सरकारी शेऱ्याच्या भीतीने आपणच आपल्या माणसाला औषधावाचून ठेवले, तर नुकसान सरकारचे होत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. काही सुशिक्षित मंडळींना वाटते की सगळे गोळीने आणि समुपदेशनाने सुटेल. तेही खोटे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. देशाच्या आकड्यात ६,०८३ शेतमजूर आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचे दुःख कर्जमाफीच्या यादीतही येत नाही. इतकी माणसे गोळी मिळाली नाही एवढ्याच कारणाने मेली, असे कोणी म्हणू नये. काहींना आजार होता, काहींना नव्हता. रागाच्या एका क्षणी घरात ठेवलेला डबा हाताला लागला आणि तेवढ्यात सगळे संपले, असेही पुष्कळ आहेत. आपल्या गावात 'औषध घेतले' या शब्दांचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या समाजात औषध म्हणजे विष, त्या समाजात खऱ्या औषधाची मागणी करायला संघटनेने मागे का राहावे?

श्रीलंकेने १९९५ पर्यंत अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध घातले, १९९८ मध्ये एंडोसल्फानही बंद केले आणि त्यानंतर तिथल्या आत्महत्या झपाट्याने उतरल्या. हे मी शेतीशास्त्राचा माणूस म्हणून सांगतो. फवारणीपुरतेच औषध आणा, उरलेले कुलपात ठेवा, आणि घरात कोणी उदास असेल तर ते घरातच ठेवू नका. याला खर्च नाही आणि सरकारची परवानगी लागत नाही.

कायद्यात काय आहे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारीच्या नमुन्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तो १९९६ मध्ये. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प काढला. 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता. पण जिल्ह्याचे पथक सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बसते आणि रुग्ण असतो पन्नास किलोमीटरवर. एक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे एसटीभाडे मोडून तो एकदा जातो, दुसऱ्यांदा जात नाही. सहा महिन्यांचा उपचार एका खेपेत होत नसतो.

२०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ मध्ये सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा प्रत्येकाचा हक्क लिहिला आहे. ही सेवा प्राथमिक पातळीपासून वरपर्यंत सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आवश्यक यादीतली मनोविकारांची औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर नेहमी मोफत मिळाली पाहिजेत, हेही त्यात आहे. कलम २१ प्रमाणे आरोग्य विमा कंपनीने शरीराच्या आजाराइतकेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यायचे आहे. कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे आणि त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. म्हणून वाचलेल्या माणसाला पोलिसांची भीती घालून कोणी पैसे उकळत असेल तर त्याला हे ऐकवा.

बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

जिल्हाधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनासाठी मी पुढील मागण्या सुचवतो. बैठकीने कमी-जास्त कराव्यात.

१) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीबरोबरच उदासी, चिंता, झोप आणि दारू यांचे प्रश्न विचारले जावेत. वेगळी खिडकी नको, वेगळी पाटी नको. 'मनोरुग्ण विभाग' अशी पाटी दिसली की आपली माणसे रस्ता बदलतात.

२) कायद्याने ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणलेली मोफत औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यावीत. सुरुवातीला महिन्याची गोळी एकदम द्यावी की थोडीथोडी, हे डॉक्टरने रुग्णाच्या जिवाचा धोका बघून ठरवावे.

३) प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित समुपदेशक. ती आपल्या भागातली, आपली बोली समजणारी आणि पगारी असावी. आशाताईंच्या डोक्यावर बिनपैशाचे आणखी एक रजिस्टर ठेवून हे काम उरकू नये.

४) जिल्ह्याच्या तज्ज्ञाने ठरलेल्या वारी महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात यावे आणि एरवी केंद्राच्या डॉक्टरला फोनवर सल्ला द्यावा.

५) उपचाराचा कागद मदतीच्या प्रकरणात कुटुंबाविरुद्ध वापरू नये, असे जिल्हा समितीने लेखी द्यावे.

निवेदन देऊन घरी बसायचे नाही. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातल्या एका केंद्रात जाऊन तीन गोष्टी पाहून याव्यात. नैराश्याची गोळी साठ्यात आहे काय, ती लिहायला कोणी शिकलेले आहे काय, आणि गेल्या महिन्यात किती जणांना ती दिली. सरकारी योजना फलकावर बघायची नसते, औषधाच्या कपाटात बघायची असते. हा हिशेब पुढच्या बैठकीत मांडावा. महिला आघाडीने बायकांचे वेगळे विचारावे, कारण नैराश्य बायकांत जास्त असते आणि दवाखान्यापर्यंत त्यांना न्यायला घरात कोणी मोकळे नसते.

आणि एक काम प्रत्येकाने आपल्यापुरते करायचे आहे. आपल्या शाखेतला एखादा माणूस तीन बैठका आला नाही, तर "तो ढिला पडला" असे म्हणून त्याचे नाव खोडू नका. त्याच्या घरी जा. झोप लागते काय, जेवण जाते काय, जगण्याचा कंटाळा येतो काय, असे सरळ विचारा. असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. आलेला असेल तर तो बोलायला वाट मिळते. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, किंवा त्याच्यासमोर बसून १४४१६ ला फोन लावा. मोर्चाला गाडी भरून माणसे नेणारे आपण, एका माणसाला दवाखान्यात नेणे आपल्याला जड नाही.

भावासाठी आपण रस्त्यावर बसतोच आणि पुढेही बसू. पण भाव मिळेल त्या दिवशी तो घ्यायला आपला माणूस जागेवर असला पाहिजे. बैठकीला येताना आपल्या केंद्रातल्या कपाटाची माहिती घेऊन या.